नवीन मीटरवरचे दिवे: कुठला बघायचा, कुठला सोडून द्यायचा

नवीन मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत असेल तर घाबरू नका, तो मोजतोय. लक्ष द्यायचं ते न लुकलुकता गप्प पेटून राहिलेल्या दिव्याकडे, आणि तो बहुतेक वेळा त्याच्याच शेजारी असतो. वायरिंगच्या कामाला घरोघरी जातो तेव्हा हल्ली मला सगळ्यात जास्त प्रश्न या दोन दिव्यांवरूनच येतात, आणि गंमत म्हणजे लोक नेमके चुकीच्या दिव्याला घाबरतात. लुकलुकणारा दिसला की "मीटर पळतोय" म्हणून फोन येतो. काळजी करण्यासारखा दिवा मात्र जिन्याखाली सहा-सहा महिने पेटलेला असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

महावितरण जुने मीटर काढून टीओडी मीटर बसवतंय, त्यांच्याबद्दल हे लिहितोय. टीओडी म्हणजे कुठल्या वेळी किती वीज वापरली हे वेगवेगळं टिपणारा मीटर. एक गैरसमज आधीच काढून टाकतो. हे मीटर घरगुती ग्राहकांकडे पोस्टपेड पद्धतीने लागतात, बिल पूर्वीसारखंच महिन्याला येतं. सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. म्हणजे "रिचार्ज संपत आला म्हणून लाल लाईट लागली का?" ही शंका मनातून काढून टाका.

पेटीपाशी जाण्याआधी

पायात चप्पल हवी, हात कोरडे हवेत, मोबाईलची बॅटरी लावायची. मीटर पत्र्याच्या पेटीत असेल तर पेटीला आधी टेस्टर लावून बघा. टेस्टर पेटला तर पेटी उघडूच नका, सरळ तक्रार करा. पावसाळ्यात तर हे विसरायचंच नाही.

मीटरचं सील, त्याच्या खालचं वायर जोडलेलं झाकण आणि मीटरकडे येणारी सर्व्हिस वायर, या तिन्हींना हात लावायचा नाही. मी परवानाधारक असूनही लावत नाही. सीलशी छेडछाड दिसली की प्रकरण वीज कायदा २००३ च्या कलम १३५ पर्यंत, म्हणजे वीजचोरीपर्यंत जाऊ शकतं. शिवाय हे मीटर झाकण उघडल्याची नोंद तारीख-वेळेसकट स्वतःच ठेवतात. "नुसतं उघडून बघितलं" हे नंतर कुणाला पटवून देणार?

तुम्हाला करायचंय ते एवढंच: बघायचं, मोजायचं, फोटो काढायचा आणि घरातले एमसीबी (मेन बोर्डातले छोटे स्विच) वर-खाली करायचे.

रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा

मीटर वेगवेगळ्या कंपन्या बनवतात आणि बऱ्याच मीटरवर सगळेच दिवे लाल असतात. त्यामुळे "लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे ठीक" हा सिग्नलचा नियम इथे चालत नाही. प्रत्येक दिव्याशेजारी बारीक इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. डोळे ताणू नका, मोबाईलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा.

एका दिव्याजवळ "इम्प" किंवा "कॅल" आणि एक आकडा असेल. सिंगल फेज मीटरवर हा आकडा बऱ्याचदा ३२०० असतो, थ्री फेजवर त्याहून कमी. हा मोजणारा दिवा. दुसऱ्या दिव्याजवळ "ईएल" किंवा "अर्थ" असं काहीतरी असतं. पेटून राहिला तर चिंता करायची तो हाच. कुठे "आरईव्ही" असतं, थ्री फेजवर आर, वाय, बी असे तीन असतात, आणि एखादा दिवा मीटरच्या आतल्या मॉडेमचा असतो. काही मीटरवर दिवे दोनच, बाकीच्या खुणा स्क्रीनवर येतात.

मीटरच्या तोंडावर दोन बारीक भोकं असलेली एक गोल खाचही दिसेल. बऱ्याच जणांना तो कॅमेरा वाटतो. एका आजींनी त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. तो ऑप्टिकल पोर्ट आहे. माणूस मीटरपाशी येऊन केबलने रीडिंग घेतो तेव्हा तिथे चकती चिकटवतात. त्यातून तुमच्या घरातलं काही दिसत नाही.

मोजणारा दिवा

३२०० चा अर्थ असा की हा दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. वापर जास्त असेल तर तो भरभर लुकलुकणार, कमी असेल तर सावकाश. गिझर लावल्यावर तो नाचायला लागतो तेव्हा मीटर बिघडलेला नसतो, गिझर वीज खात असतो.

यावरून कुठल्याही उपकरणाचं खाणं घरबसल्या मोजता येतं, आणि मीटर खरंच पळतोय का तेही कळतं. माझ्या मते नवीन मीटर लागला की प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात हे एकदा करून बघावं.

पाण्याची इलेक्ट्रिक किटली घ्या. तिच्या बुडाला वॅट लिहिलेले असतात, समजा १५००. इस्त्री नको, ती मधेच आपोआप बंद होते आणि हिशेब बिघडतो. किटलीचा प्लग ज्या एमसीबीवर आहे तेवढा चालू ठेवा, बाकी सगळे खाली पाडा. फ्रीज, राउटर, इन्व्हर्टर, सगळं बंद. किटली पाणी भरून लावा आणि खाली जाऊन मोबाईलवर मीटरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. नंतर घरी बसून शांतपणे मोजा. पहिल्या लुकलुकीला "एक" म्हणायचं नाही, "शून्य" म्हणायचं. सगळे तिथेच चुकतात. शून्यापासून दहापर्यंत किती सेकंद लागले ते बघा.

११२५० ला त्या सेकंदांनी भागा, वॅट मिळतात. १५०० वॅटच्या किटलीला साडेसात सेकंद लागायला हवेत. ९ सेकंद लागले तर उत्तर १२५० येतं. तेव्हा मीटर हळू चालतोय असं समजू नका. किटलीवरचा आकडा २३० व्होल्टचा आहे, आणि तुमच्याकडे संध्याकाळी २१० व्होल्ट येत असेल तर किटली खरोखरच तेवढंच खाते. मीटरचं बटण दाबत गेलात तर स्क्रीनवर व्होल्टेजही दिसतं, ते ताडून बघा. पाटीवर ३२०० ऐवजी १६०० असेल तर ११२५० च्या जागी २२५०० घ्या.

पाच-सहा सेकंदांत दहा लुकलुकी झाल्या, म्हणजे उत्तर दोन हजारांच्या आसपास आलं आणि घरात खरंच दुसरं काही चालू नाही, तर मात्र तक्रार करायला तुमच्याकडे ठोस मुद्दा आहे. व्हिडिओ जपून ठेवा.

याच दिव्याचा रात्री आणखी एक उपयोग होतो. सगळे झोपल्यावर एकदा बघा. दर तीस सेकंदांनी एकदा लुकलुकत असेल तर घर झोपेतही साडेसदतीस वॅट खातंय: सेट टॉप बॉक्स, राउटर, चार्जिंगवरचा इन्व्हर्टर. महिनाभर असंच चाललं तर २७ युनिट होतात. जुन्या मीटरच्या काळातही हे होतच होतं, पण तेव्हा कुणी मीटरपुढे उभं राहून बघत नव्हतं.

छपरावर सोलर असेल तर एवढं लक्षात ठेवा: वीज बाहेर जात असतानाही हा दिवा लुकलुकतो. दुपारी तो जोरात चालू दिसला म्हणून बिल वाढतंय असं नाही. आयात आणि निर्यात स्क्रीनवर वेगवेगळी दिसते.

गप्प पेटलेला "ईएल"

आपल्याकडचे सिंगल फेज मीटर दोन्ही वायरींतला करंट मोजतात: फेजमधून घरात गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला. दोन्ही सारखे असायला हवेत. ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त वेगळे झाले की हा दिवा पेटतो. म्हणजे घरात गेलेला करंट आपल्या वाटेने परत आलेला नाही, किंवा दुसऱ्याचा करंट आपल्या वाटेने परत येतोय.

आणि इथेच पैशांचा प्रश्न येतो. दोन्हींत जो करंट जास्त असेल तो धरून मीटर युनिट मोजतो.

आमच्या भागातल्या एका बिल्डिंगमधले काका-काकू दोन महिने मुलीकडे गेले. जाताना सगळे एमसीबी खाली पाडून गेले, फ्रीजसुद्धा रिकामा केला. परत आले तर बंद घराचं बिल बऱ्यापैकी मोठं. आधी मीटरवर राग, मग रीडिंग घेणाऱ्यावर, मग शेजाऱ्यांवर. मी गेलो तेव्हा "ईएल" पेटलेला होता आणि मोजणारा दिवाही संथपणे लुकलुकत होता, घरात एक बल्बही चालू नसताना.

कारण जिन्यातल्या दिव्यात निघालं. कधीतरी कुणीतरी तो दिवा लावताना जंक्शन बॉक्समध्ये काकांचा न्यूट्रल आणि समोरच्या फ्लॅटचा न्यूट्रल एकत्र पिळून टाकला होता. साधे एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्यामुळे समोरच्यांचा करंट परत जाताना दोन वाटांनी जायचा: अर्धा त्यांच्या मीटरमधून, अर्धा काकांच्या. सोपा हिशेब करा. दोन्ही घरं एकाच फेजवर आहेत, तुम्ही १ अँपिअर वापरताय आणि शेजारी ९. परत जाताना न्यूट्रलमध्ये पाच-पाच वाटले गेले. शेजाऱ्यांचा मीटर फेजचे ९ धरतो, ते बरोबरच आहे. तुमचा मीटर फेजमध्ये १ बघतो, न्यूट्रलमध्ये ५ बघतो, आणि ५ मोजतो. भुर्दंड नेहमी कमी वापरणाऱ्यालाच. दोन न्यूट्रल वेगळे करायला मला वीस मिनिटं लागली.

तुमच्याकडे हा दिवा पेटलेला असेल तर एक जण मीटरपाशी आणि एक जण घरात, फोनवर बोलत हे करा.

आधी घरातले एमसीबी एकेक करून खाली पाडा, प्रत्येकानंतर मीटरपाशी असलेल्याला विचारा. एखादा पाडल्याबरोबर "ईएल" विझला तर दोष त्याच सर्किटवर आहे. त्या सर्किटवरचे सगळे प्लग काढा, एमसीबी वर करा आणि एकेक उपकरण लावत जा. पहिला संशय गिझरवर घ्या. त्याच्या कॉइलचं आवरण फुटलं की करंट पाण्यात आणि तिथून अर्थिंगमध्ये जातो. मग वॉशिंग मशीन, विहिरीची किंवा बोअरची सबमर्सिबल मोटर, आणि भिंतीत ओल शिरलेला एखादा बोर्ड. गिझरमुळे दिवा लागत असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत अंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. बिलाची गोष्ट नंतर, तिथे आधी शॉक बसायची भीती आहे.

सगळे एमसीबी पाडूनही दिवा तसाच राहिला तर मेन स्विच बंद करा, तो दोन्ही वायरी तोडणारा डबल पोल असेल तर. आता विझला? मग न्यूट्रल कुठेतरी दुसऱ्या घराशी जुळलेला आहे. जिन्यातला दिवा, दोन घरांत मिळून घेतलेला इन्व्हर्टर, एकाच घराचे वाटणी करून केलेले दोन फ्लॅट, पाण्याच्या टाकीची मोटर, या क्रमाने शोधा. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे, आणि शेजाऱ्यांनाही त्या वेळी घरी थांबायला सांगा, कारण त्यांचा बोर्डही उघडावा लागतो.

मेन बंद करूनही "ईएल" पेटलेला किंवा मोजणारा दिवा चालूच असेल तर भानगड मेनच्या आधी आहे: मीटर आणि मेन यांच्यामधल्या वायरीत, नाहीतर मीटरमध्येच. मेनपर्यंतची वायर तुमची असते, ती वायरमनला दाखवा. मीटरचं महावितरणला कळवा.

घरात आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा, टेस्ट बटण असलेला स्विच) बसवलेला असेल तर तोही हेच काम करतो, फक्त फार कमी फरकावर, ३० मिलिअँपिअरला, सप्लाय तोडून टाकतो. आरसीसीबी शांत आणि मीटरवर "ईएल" पेटलेला असं चित्र असेल तर आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबून बघा. त्यानेही तो पडला नाही तर तो निकामी झालाय. पडला, तर दोष त्याच्या आधीच्या वायरिंगमध्ये शोधा.

हे लांबणीवर टाकू नका, याला आणखी एक कारण आहे. हा फरक मीटर घटना म्हणून नोंदवतो आणि ती नोंद कंपनीकडे पोचते. तुमचा हेतू वाईट नसला तरी उद्या कुणी विचारायला आलं तर दाखवायला दुरुस्तीची पावती हाताशी असलेली बरी.

बाकीचे दिवे

"आरईव्ही" पेटला म्हणजे मीटरमध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या वायरींची अदलाबदल झाल्यासारखं आहे. मीटर बसवताना झालेली चूक असते ती, बसवणाऱ्यांनीच दुरुस्त करायची. मोजणी पुढेच जाते, उलटी होत नाही.

थ्री फेजवर आर, वाय, बी मधला एक दिवा विझलेला असेल तर एक फेज गेलाय. घरातले काही दिवे जातील, ते चालतं. पण पिठाची गिरणी किंवा मोटर अशा वेळी अजिबात चालू करायची नाही. दोन फेजवर मोटर घुं करत गरम होते आणि वाइंडिंग जळतं. त्याचा खर्च तुमच्या खिशातून जातो.

मॉडेमचा दिवा कसाही लुकलुकू दे. अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद मीटरमध्येच साठते, नेटवर्क आलं की पुढे जाते. त्याच्या मागे लागू नका.

सगळंच विझलंय

शेजाऱ्यांकडेही अंधार असेल तर लाईट गेलीय, विषय संपला. शेजाऱ्यांकडे आहे आणि तुमचा मीटर पूर्ण काळा आहे, तर मीटरच्या आधीचा सप्लाय तुटलाय: खांबावरचा जोड, सर्व्हिस वायर किंवा कटआउट (मीटरआधीचा फ्यूज). तक्रार करा.

मीटरची स्क्रीन चालू पण घरात अंधार, असं असेल तर आधी घरातला मेन, एमसीबी आणि आरसीसीबी बघा. ते ठीक असतील तर मीटरमधला रिले, म्हणजे सप्लाय तोडणारा आतला स्विच, उघडला असेल, तशी खूण स्क्रीनवर येते. या मीटरचा सप्लाय कंपनीला दुरून तोडता येतो, मंजूर भारापेक्षा जास्त भार गेल्यावर तोडण्याची सोयही त्यात असते. मात्र बिल थकलं म्हणून वीज तोडायची तर कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस आधी द्यावी लागते. बटण कार्यालयात असलं म्हणून हा नियम बदललेला नाही.

जळका वास, मीटरमधून चरचर, झाकण पिवळं पडून वाकलेलं: यातलं काहीही दिसलं तर दिवे बघत बसू नका. घरातला मेन बंद करा आणि लगेच फोन करा. आत कुठलातरी स्क्रू ढिला राहिलेला असतो.

घड्याळ बघायला विसरू नका

हा इशारा दिव्यातून मिळत नाही, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. स्मार्ट मीटर, म्हणजे हेच टीओडी मीटर, असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळातल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत लागू झाली. ती सवलत मीटरच्या घड्याळावर मिळते. बटण दाबत तारीख आणि वेळेच्या पानावर या आणि मोबाईलच्या घड्याळाशी जुळवा. एखाद-दोन मिनिटांचा फरक सोडून द्या, तासाचा असेल तर फोटो काढून तक्रार करा.

तक्रार करताना

महावितरणचा क्रमांक १९१२, शिवाय १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५. तिन्ही निःशुल्क. "मीटर खराब आहे" एवढंच सांगितलंत तर तक्रार त्याच पद्धतीने बंद होते. असं सांगा: "मेन बंद केल्यावरही इम्पचा दिवा पाच मिनिटांत इतक्या वेळा लुकलुकला, व्हिडिओ आहे." किंवा "सर्व एमसीबी आणि मेन बंद असताना ईएल पेटलेला आहे." ग्राहक क्रमांक आणि मीटरवरचा क्रमांक दोन्ही द्या, आणि ते जुळतात का हेही त्याच वेळी बघा. बारा मीटर एका ओळीत बसवताना दोन घरांच्या वायरींची अदलाबदल झालेली मी स्वतः पाहिलीय. ती ओळखायची युक्ती सोपी आहे: आपला मेन बंद करायचा आणि बिलावर छापलेल्या क्रमांकाचाच मीटर थांबला का ते बघायचं.

वापर आणि रीडिंग यांचा मेळच बसत नसेल तर तपासणीसाठी दुसरा मीटर शेजारी लावून मागा. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तक्रारीनंतर पाच दिवसांत तो बसवावा लागतो आणि किमान तीन महिने ठेवावा लागतो. तो लागला की दर रविवारी ठरावीक वेळी दोन्ही मीटरचे आकडे एकाच फोटोत येतील असा फोटो काढून ठेवा. पहिला फोटो बसवणारा माणूस समोर उभा असतानाच काढा.